ईस्टरची हॅट, वसंतातला कोट

न्यूयॉर्क, बॉस्टन किंवा लंडन या शहरांतल्या स्त्रीच्या अंगावर नोव्हेंबरमध्ये चढलेला जाड, काळपट लोकरी कोट मार्च सरत आला तरी उतरत नसे. कोळशाच्या धुराने आणि रस्त्यावरच्या चिखलाने मळलेला हा कोट आणि त्याच्या जोडीची फेल्टची हॅट एका ठरावीक दिवशी कपाटात जाई. मग त्यांच्या जागी फिकट रंगाचा पातळ कोट आणि गव्हाच्या काडाची, फुलांनी मढवलेली हॅट येई. हा दिवस म्हणजे ईस्टरचा रविवार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून १९६० च्या दशकापर्यंत, म्हणजे जवळजवळ ऐंशी-नव्वद वर्षे, अमेरिका आणि ब्रिटनमधील स्त्रियांच्या पोशाखाचे वर्ष या दिवसाभोवती फिरत होते. पाडव्याला नवे वस्त्र ल्यावे हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. तिकडेही ईस्टरला अंगावर एक तरी नवी वस्तू हवी, नाही तर वर्ष वाईट जाते, अशी समजूत होती. नवे न घालणाऱ्याच्या कपड्यांवर पक्षी घाण करतात, असेही इंग्लंडच्या काही भागांत म्हणत. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये, ईस्टर येण्याआधीच नवा अंगरखा घातला म्हणून एका शिंप्याशी भांडण उकरून काढल्याचा उल्लेख आहे. म्हणजे ही रूढी निदान सोळाव्या शतकाइतकी तरी जुनी असली पाहिजे.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपवासाचे आणि संयमाचे. या काळात भडक कपडे, समारंभ, विवाह टाळले जात. त्यामुळे ईस्टरच्या सकाळी चर्चमध्ये नवे कपडे घालून जाण्याला धार्मिक अर्थही होता: पुनरुत्थानाचा दिवस, नवे जीवन, नवे वस्त्र. पण हा सण चंद्राच्या गतीवर ठरतो. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपाठोपाठ येणारा रविवार, असा त्याचा ढोबळ नियम असल्याने तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कुठेही पडतो. १९१३ साली तो २३ मार्चला आला, तर १९४३ साली थेट २५ एप्रिलला. कापडाच्या आणि हॅटच्या व्यापाऱ्यांचे सगळे गणित या महिनाभराच्या फरकावर अवलंबून असे. ईस्टर लवकर आला की विक्रीचे दिवस कमी आणि थंडी कायम. मग गिऱ्हाईक पातळ कोटाकडे ढुंकून पाहत नसे. आणि ज्या हौशी बायका पाहत, त्या मार्चच्या बोचऱ्या वाऱ्यात फिकट निळ्या कोटात कुडकुडत चर्चची पायरी चढत. वसंतातल्या कोटाचे नाते हवामानापेक्षा पंचांगाशी अधिक होते.

न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर या रूढीला तमाशाचे रूप आले. या रस्त्यावर सेंट थॉमस, सेंट पॅट्रिक अशी श्रीमंतांची मोठी चर्चे. सेंट पॅट्रिकचे कॅथीड्रल १८७९ साली उपासनेसाठी खुले झाले. ईस्टरला ही चर्चे लिलीच्या आणि इतर फुलांनी शृंगारली जात. एका चर्चमधील प्रार्थना आटोपली की दुसऱ्या चर्चची सजावट पाहायला जायचे, वाटेत ओळखीच्यांना भेटायचे, त्यांचे कपडे पाहायचे, आपले दाखवायचे. कोणी योजून न काढलेली ही मिरवणूक १८८० च्या दशकापर्यंत रूढ झाली. मग ती पाहायला मध्यमवर्गीय आणि कामकरी लोक येऊ लागले, आणि त्यांच्यात शिवणकाम करणाऱ्या मुलीही असत. श्रीमंतांच्या डोक्यावरची नवी तऱ्हा डोळ्यांत साठवून घ्यायची आणि घरी जाऊन स्वस्त सामानातून ती उतरवायची. मोठ्या दुकानांनी ही संधी ओळखली. फिलाडेल्फियातील वॉनमेकरच्या दुकानात तर या दिवसांत चर्चला लाजवील अशी धार्मिक सजावट होई. गिरणीच्या आणि गल्ल्याच्या जगाने उपासनेचा एक दिवस कसा आपलासा केला, याचे इतके उघड उदाहरण विरळाच. १९३३ साली आयर्व्हिंग बर्लिन या ज्यू कुटुंबातील, बालपणी रशियातून आलेल्या संगीतकाराने या मिरवणुकीवर गीत रचले. त्याची चाल त्याच्याच १९१७ सालच्या एका पडलेल्या गाण्याची होती. १९४८ च्या चित्रपटाने ते गीत जगभर पोहोचवले.

हॅट मुळात हवीच कशाला, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. ख्रिस्ती परंपरेत प्रार्थनेच्या वेळी स्त्रीने मस्तक झाकावे, हा दंडक संत पॉलच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातून आला. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायदेसंहितेत तो स्पष्ट शब्दांत होता. १९८३ च्या नव्या संहितेतून तो वगळला गेला. याखेरीज लौकिक शिष्टाचार होताच. उघड्या डोक्याने रस्त्यावर येणारी स्त्री एक तर अगदी गरीब, नाही तर बेपर्वा समजली जाई. मस्तक झाकणे सक्तीचे, पण कशाने झाकावे याला मुभा. सगळी कल्पकता, सगळी चढाओढ आणि पुष्कळसा पैसा त्या मुभेत ओतला गेला.

वसंतातली हॅट काडाची असे. इंग्लंडच्या बेडफर्डशायर परगण्यात गव्हाचे काड चिरून त्याच्या वेण्या घालण्याचा धंदा मोठा होता. बायका आणि लहान मुले या वेण्या घालीत. त्यासाठी खास ‘शाळा’ असत. तिथे अक्षरओळख नावापुरती आणि बोटांचे काम दिवसभर चाले. वेण्या ल्यूटन आणि डन्स्टेबल या गावी जात आणि तिथे त्यांच्या हॅट शिवल्या जात. ल्यूटनच्या फुटबॉल संघाला आजही ‘हॅटर्स’ म्हणतात ते यामुळेच. १८७० नंतर चीन आणि जपानमधून स्वस्त वेण्या येऊ लागल्या आणि खेड्यांतला हा धंदा बसला; शिवणकाम मात्र गावात टिकले. अमेरिकेतही या कामात स्त्रियाच पुढे होत्या. नेपोलियनच्या युद्धकाळात युरोपचा माल अडला, तेव्हा कनेक्टिकटच्या मेरी कीस हिने काड आणि रेशीम एकत्र विणण्याची रीत शोधली आणि १८०९ साली तिचे पेटंट मिळवले. अमेरिकेत पेटंट मिळवणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी ती एक.

काडाच्या हॅटवर फुले लागत. ती कापडाची, हाताने केलेली. न्यूयॉर्कमधील या धंद्याची पाहणी रसेल सेज फाउंडेशनसाठी मेरी व्हॅन क्लीक यांनी केली आणि १९१३ साली ती पुस्तकरूपाने आली. कारखान्यात पाकळ्या ठशाने कापल्या जात, रंगवल्या जात. पुढचे काम मात्र घरोघर दिले जाई. इटलीहून आलेल्या कुटुंबांच्या एका-दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत आई, आजी आणि मुले टेबलाभोवती बसून पाकळ्या सुट्या करीत, खळ लावून तारेच्या देठावर बसवीत. मजुरी ग्रोसावर, म्हणजे बारा डझनांवर, आणि तीही काही सेंटच. लुईस हाइन या छायाचित्रकाराने १९०८ पासूनच्या काही वर्षांत टिपलेल्या चित्रांत अशी कितीतरी टेबले दिसतात. शाळेत जाण्याच्या वयाचीही नसलेली मुले त्यांच्याभोवती बसली आहेत. व्हायोलेट आणि फर्गेट-मी-नॉट ही बारीक फुले करायला बारीक बोटे लागत. ईस्टर जवळ आला की हे काम रात्री उशिरापर्यंत चाले आणि ईस्टर उलटला की एकाएकी थांबे. म्हणून पुष्कळ मुली फुले आणि पिसे अशी दोन्ही कामे शिकत: वसंतासाठी फुले, हिवाळ्यासाठी पिसे.

परंतु पिसे हिवाळ्यापुरती राहिली नाहीत. १८७० नंतर ती बारमाही झाली, आणि पुढे तर पिसांवर न भागून अख्खे पक्षीच पेंढा भरून हॅटवर बसू लागले. १८८६ साली फ्रँक चॅपमन या तरुण पक्षीनिरीक्षकाने मॅनहॅटनच्या बाजारपेठेत दोन दुपारी फेरफटका मारला आणि बायकांच्या हॅटवर दिसणाऱ्या पक्ष्यांची यादी केली. त्याने ७०० हॅट मोजल्या. त्यांपैकी ५४२ वर पिसे होती. ओळखता आलेल्या पक्ष्यांच्या जाती भरल्या ४०. सुतार, निळकंठी, घुबड, सुरय, ज्यांना पाहायला एरवी रान तुडवावे लागे, ते सगळे भर बाजारात.

सर्वांत मोलाचा होता तो बगळ्याचा तुरा. विणीच्या हंगामात मोठ्या आणि लहान बगळ्यांच्या पाठीवर रेशमासारखी मोकळी, लांब पिसे येतात. ती फक्त याच काळात येतात, आणि मोठ्या संख्येने बगळे एका जागी सापडतात तेही याच काळात, कारण तेव्हा ते वसाहतीने घरटी करतात. शिकाऱ्याला याहून सोपे काय? घरट्यावरून न उडणारा नर किंवा मादी टिपायची, पाठीची कातडी सोलायची आणि उरलेला देह तिथेच टाकायचा. पिल्ले भुकेने मरत. एका मोसमात वसाहतच्या वसाहत संपे. म्हणजे ज्या वसंताचे कौतुक म्हणून स्त्रिया हॅट मिरवीत, तोच वसंत फ्लोरिडाच्या पाणथळीत असा साजरा होई. विसाव्या शतकाच्या आरंभी या पिसांना औंसामागे ३२ डॉलर मिळत. सोन्याचा भाव तेव्हा औंसाला २१ डॉलरच्या आत होता. जगातल्या पिसांचे लिलाव लंडनला होत. १९०२ साली तिथे बगळ्यांच्या पिसांच्या १,६०८ पेट्या विकल्या गेल्या. पेटीत सुमारे ३० औंस आणि औंसाला चार पक्षी असा हिशेब धरून पक्षीरक्षकांनी आकडा काढला: १,९२,९६० बगळे. वाऱ्यावर हरवलेली पिल्ले आणि फुटलेली अंडी यांत नाहीत. व्यापारी सांगत की पिसे आपोआप गळतात आणि माणसे ती जमिनीवरून वेचतात. गळलेली पिसे झिजलेली, मळलेली असतात आणि बाजारात त्यांना किंमत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते.

या व्यापाराविरुद्ध उठल्या त्या प्रामुख्याने स्त्रियाच. १८८९ साली मँचेस्टरजवळच्या डिड्सबरीत एमिली विल्यमसन यांनी एक संस्था काढली. अन्नासाठी न मारलेल्या पक्ष्याची पिसे घालायची नाहीत, अशी तिच्या सभासद स्त्रियांची प्रतिज्ञा होती. शहामृगाला त्यात सूट होती, कारण त्याची पिसे जिवंतपणी कापता येतात. पुढे क्रॉयडनमधील एटा लेमन आणि त्यांच्या मैत्रिणींचा गट तिला मिळाला आणि १९०४ साली राजाची सनद घेऊन ती ‘रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्‌स’ झाली. बॉस्टनमध्ये १८९६ साली हॅरिएट हेमेनवे यांनी बगळ्यांच्या कत्तलीचे वर्णन वाचले, मावस बहीण की चुलत बहीण हा तपशील गौण, पण नात्यातल्या मिना हॉल यांना बोलावले आणि दोघींनी शहरातल्या प्रतिष्ठितांची नामावली पुढे घेऊन पिसे घालणाऱ्या बायकांना एकेक करून चहाला बोलावले. सुमारे ९०० जणींनी पिसे सोडली आणि त्यातून मॅसॅच्युसेट्स ऑडुबॉन सोसायटी उभी राहिली. चहाच्या पेल्यातून झालेल्या चळवळींत हिचा क्रमांक वरचा लागावा.

गंमत अशी की एटा लेमन स्त्रियांच्या मताधिकाराच्या कट्टर विरोधक होत्या, तर मताधिकारासाठी लढणाऱ्या एमेलिन पँकहर्स्ट यांना पिसांच्या हॅटचे वावडे नव्हते. आपल्या मोर्चेकरी स्त्रिया नीटनेटक्या दिसाव्यात, यावर त्यांच्या संघटनेचा कटाक्ष असे. एकीला पक्षी दिसत होते, दुसरीला मतपेटी. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२० साली पिसांच्या विधेयकावर लिहिताना निराळ्याच मुद्द्यावर बोट ठेवले: पक्षी मारणारे पुरुष, त्यावर पैसा करणारे पुरुष, विधेयक अडवून ठेवणाऱ्या संसदेतही बहुतेक पुरुषच, मग सगळा दोष हॅट घालणाऱ्या बाईच्या माथी का? हा युक्तिवाद तेव्हा अनेकांना झोंबला. तो आजही खोडून काढणे अवघड आहे.

कायदे हळूहळू आले. अमेरिकेत १९०० साली लेसी कायदा झाला. १९१३ साली रानपक्ष्यांच्या पिसांची आयात बंद झाली. १९१८ साली स्थलांतरित पक्ष्यांना संरक्षण देणारा कायदा आला. मधल्या काळात, ८ जुलै १९०५ रोजी, फ्लोरिडात बगळ्यांच्या वसाहतींची राखण करणारा गाय ब्रॅडली गोळी लागून ठार झाला आणि ज्याच्यावर आरोप होता त्याच्यावर खटलाही उभा राहू शकला नाही. ब्रिटनने आयातबंदी केली ती १९२१ साली. त्याआधी जवळजवळ वीस वर्षे, १९०२ मध्येच, हिंदुस्थान सरकारने पक्ष्यांच्या कातड्यांची आणि पिसांची निर्यात बंद केली होती. बंदी आली तशी चोरटी निर्यातही आली. याच काळात सिंधमध्ये, जो तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होता, कोळी लोक बगळे पाळून त्यांचे तुरे काढीत. या ‘बगळ्यांच्या शेती’वरचे वृत्तान्त मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले आणि लंडनमधील वादात दोन्ही बाजूंनी वापरले गेले. व्यापारी म्हणत, पाहा, पक्षी न मारता पिसे मिळतात. विरोधक म्हणत, पाळीव पिसांच्या नावाखाली रानातली पिसे खपतील. किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या पिंजऱ्यापासून फिफ्थ अव्हेन्यूच्या पायघडीपर्यंत हा व्यापार एका धाग्याने जोडलेला होता.

मात्र पिसांचा अंत कायद्याइतकाच केसांमुळे झाला, हेही सांगितले पाहिजे. १९०७ साली लंडनमध्ये ‘द मेरी विडो’ हे संगीतनाट्य रंगभूमीवर आले. त्यातील नायिकेसाठी लूसील या शिवणकार स्त्रीने केलेली प्रचंड हॅट इतकी गाजली की पुढची तीन-चार वर्षे हॅटचा घेर वाढतच गेला. ती डोक्यावर राहावी म्हणून उंच बांधलेल्या केसांतून फूटभर लांबीच्या पिना आरपार घालाव्या लागत. ट्रामच्या गर्दीत त्यांची टोके शेजाऱ्याच्या गालाला लागत. शेवटी शिकागोने १९१० साली टोकाला किती बाहेर यायची मुभा आहे याचा नियमच केला. महायुद्धानंतर स्त्रियांनी केस कापले आणि डोक्याला घट्ट बसणारी, भुवयांपर्यंत ओढलेली ‘क्लोश’ हॅट आली. तिच्यावर पिसांना जागा नव्हती, पिनेला केस नव्हते. शहामृगाची पिसे तर त्याआधीच, १९१४ साली, कोसळली. दक्षिण आफ्रिकेत सोने, हिरे आणि लोकर यांच्याखालोखाल ज्यांची निर्यात होई, ती पिसे कोणी विचारीना. युद्ध हे एक कारण, मोटार हे दुसरे. ईस्टरच्या सकाळचे फिफ्थ अव्हेन्यूचे १९०० सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. घोडागाड्यांच्या रांगेत एखादीच मोटार शोधून काढावी लागते. १९१३ च्या ईस्टरच्या छायाचित्रात घोडा शोधावा लागतो. उघड्या मोटारीत हॅटवरून जाळी बांधावी लागे, बंद मोटारीत मोठी हॅट मावतच नसे.

कोटाची कहाणी इतकी रंगीत नाही, पण तिच्यात माणसे अधिक आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वसंतात स्त्रिया खांद्यावर शाल घेत, आणि शालीत श्रेष्ठ ती काश्मीरची. घागऱ्याचा घेर गोल होता तोवर मोठी शाल त्यावर शोभून दिसे. १८७० च्या सुमारास घेर मागे सरकला आणि पाठीमागच्या फुगवट्यावर शाल नीट बसेना. त्याच वेळी फ्रान्स-प्रशिया युद्धाने मोठे गिऱ्हाईक बुडाले, आणि दशकाच्या अखेरीस काश्मीरमध्ये भीषण दुष्काळ पडला. पॅरिसमध्ये घागऱ्याचा आकार बदलला त्याची किंमत श्रीनगरच्या विणकरांनी दिली. शालीच्या जागी आधी बाहीसारखा पडणारा झगा आणि मग शिवलेला कोट आला.

हा कोट बाजारात तयार मिळू लागला, आणि न्यूयॉर्क त्याचे माहेरघर झाले. पूर्व युरोपातून आलेले ज्यू आणि इटलीहून आलेले शिंपी दाटीच्या जागांत तो शिवीत. या धंद्याचेही दोन हंगाम. जानेवारीपासून ईस्टरपर्यंत दिवसाला बारा-चौदा तास काम, मग आठवड्यामागून आठवडे रिकामे. सुया, दोरा आणि यंत्राच्या विजेचे पैसेही कामगाराच्या मजुरीतून कापले जात. ७ जुलै १९१० रोजी सुमारे ६० हजार कोटशिंप्यांनी काम बंद केले. दोन महिन्यांनी, २ सप्टेंबरला, पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या लुईस ब्रँडाइस यांच्या मध्यस्थीने ‘शांततेचा करार’ झाला. आठवड्याला ५० तास काम, विजेचे आणि दोऱ्याचे पैसे कापणे बंद, घरी काम पाठवणे बंद, आणि कारखान्यांच्या स्वच्छतेवर देखरेख करणारे संयुक्त मंडळ. करारात न आलेल्या ब्लाउजच्या धंद्यात, ट्रँगल कंपनीच्या कारखान्यात, २५ मार्च १९११ रोजी, ईस्टरच्या तीन आठवडे आधी लागलेल्या आगीत १४६ जण दगावले. त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या.

मंदीच्या काळात फिफ्थ अव्हेन्यूची मिरवणूक बंद पडली नाही, पण तिच्यात बेकार कामगारही मुद्दाम फाटक्या कपड्यांत सामील झाले. इथल्या एका झग्याच्या किमतीत एका कुटुंबाचे वर्ष निघेल, अशा आशयाचे फलक त्यांनी धरले. मग युद्ध आले. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ रोजी कपड्यांचे रेशनिंग जाहीर झाले. तो पेंटेकॉस्टचा रविवार होता, म्हणजे उत्तर इंग्लंडमध्ये मुलांना नवे कपडे घालून मिरवायचा दिवस. बातमी फुटू नये म्हणून नवी कुपने छापलीच नव्हती. लोकांना मार्गारिनची शिल्लक कुपने वापरायला सांगितले. माणशी वर्षाला ६६ कुपने, आणि स्त्रीच्या अस्तर लावलेल्या लोकरी कोटाला त्यांतली १४. हॅटला मात्र कुपन लागत नसे. तरीही युद्धाने हॅटचेच नुकसान अधिक केले. कारखान्यात यंत्रात केस अडकू नयेत म्हणून बायका डोक्याला फडके बांधू लागल्या आणि तेच सोयीचे वाटू लागले. १९४२ साली चर्चनेही जाहीर केले की स्त्रिया हॅटवाचून प्रार्थनेला आल्या तरी चालेल. कपड्यांचे रेशनिंग उठले ते १५ मार्च १९४९ रोजी, त्या वर्षीच्या ईस्टरच्या महिनाभर आधी.

शेवटचा बहर १९५० च्या दशकातला. ख्रिस्तियाँ दिओर यांनी फेब्रुवारी १९४७ मध्ये पॅरिसला दाखवलेल्या संग्रहात कापडाची उधळपट्टी होती, आणि काटकसरीला कंटाळलेल्या बायकांना तीच हवी होती. कोट खांद्यापासून घंटेसारखा मोकळा सुटणारा किंवा कमरेत घट्ट आणि खाली घेरदार. रंग फिकट गुलाबी, पिवळा, आकाशी. त्याला जुळणारी छोटी हॅट, पांढरे हातमोजे, चकचकीत बूट. अमेरिकी दुकानांत हप्त्याहप्त्याने पैसे भरून कोट राखून ठेवण्याची सोय होती. ख्रिसमस संपला की आई मुलीसाठी कोट बाजूला काढायला सांगे आणि ईस्टरच्या आदल्या शनिवारी शेवटचा हप्ता भरून तो घरी आणी. मुलगी वर्षात वाढते म्हणून तो एक माप मोठा घेतला जाई.

या सगळ्या सोहळ्यात कृष्णवर्णीय स्त्रीचे स्थान निराळे होते. आठवडाभर दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करताना तिच्या डोक्यावर मोलकरणीची टोपी असे. रविवारी चर्चमध्ये ती स्वतःची हॅट घालून जाई, आणि ती हॅट साधी नसे. फिलाडेल्फियात मे रीव्ह्‌ज यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी ५०० डॉलरचे कर्ज काढून हॅटचे दुकान थाटले आणि अर्धशतक चालवले. दक्षिणेत मात्र हॅट विकत घेणे हाच अपमान होता. पुष्कळ दुकानांत कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला हॅट डोक्यावर घालून पाहायची परवानगी नसे; घालायचीच तर डोक्यावर फडके टाकून. कोट अंगाला लावून पाहण्याच्या खोलीत तिला प्रवेश नव्हता. माप चुकले तर वस्तू परत घेतली जात नसे. दुकानाच्या उपाहारगृहात ती बसू शकत नव्हती. पैसे मात्र चालत.

हेच पैसे हत्यार झाले. १९६० च्या वसंतात नॅशव्हिलमध्ये विद्यार्थ्यांनी उपाहारगृहांत ठिय्या दिला, तेव्हा शहरातील कृष्णवर्णीय कुटुंबांनी ईस्टरची खरेदीच बंद केली. नवा कोट नाही, नवी हॅट नाही, मुलांना नवे बूट नाहीत. वर्षानुवर्षे ज्या दिवसाची वाट पाहिली त्या दिवशी जुन्या कपड्यांत चर्चला जाणे सोपे नव्हते, विशेषतः मुलांना समजावणे. १० मे रोजी तिथल्या दुकानांनी उपाहारगृहे सर्वांना खुली केली.

तीन वर्षांनी बर्मिंगहॅममध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झाले. मोहिमेचा आरंभ ३ एप्रिल १९६३ ला झाला तो ठरवून: ईस्टर १४ एप्रिलला होता आणि ख्रिसमसखालोखाल हाच खरेदीचा मोठा हंगाम. तुरुंगातून लिहिलेल्या आपल्या पत्रात मार्टिन ल्यूथर किंग यांनी हे कारण उघडपणे नोंदवले आहे. गुड फ्रायडेला, १२ एप्रिलला, त्यांना अटक झाली. त्या दिवशी त्यांच्या अंगावर नेहमीचा सूट नव्हता, कामगारांचे जाड सुती कपडे होते. नवे कपडे घ्यायचे नाहीत, हे लोकांना सांगणाऱ्याने आधी स्वतः ते पाळले. पुढच्या महिन्यात पाण्याचे फवारे आणि पोलिसी कुत्रे जगाने पाहिले. १० मे रोजी समझोता जाहीर झाला. त्याचे पहिले कलम शाळेविषयी किंवा मतदानाविषयी नव्हते. निदर्शने थांबल्यापासून तीन दिवसांत दुकानांतील कपडे घालून पाहण्याच्या खोल्या सर्वांना खुल्या होतील, असे ते होते. पाण्याच्या नळांवरच्या पाट्या आणि उपाहारगृहे त्यानंतर.

तोवर हॅटचा बाजार उतरणीला लागला होता. जानेवारी १९६१ मध्ये जॅकलीन केनेडी यांनी पतीच्या शपथविधीला घातलेली डबीच्या आकाराची हॅट शेवटची मोठी लाट ठरली. ती करणाऱ्या हॅल्स्टनने पुढे हॅट सोडून कपड्यांकडे मोर्चा वळवला. फुगवून, फवारा मारून बसवलेले केस हॅटने दबत, मोटारींची छपरे खाली आली होती, आणि तरुण मुलींना आईसारखे दिसायचे नव्हते. काही वर्षांतच पांढरे हातमोजे आणि जुळणारा कोटही गेला. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये मात्र हॅट राहिली. मे रीव्ह्‌ज यांच्या दुकानातील हॅट, आरसे आणि खुर्च्या वॉशिंग्टनमध्ये २०१६ साली उघडलेल्या आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवल्या आहेत.